आपले बायबल कोणते?

पालेगावातील एका घरी आम्ही काही भाविक सातव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी जमलो होतो. निधन पावलेले गृहस्थ तरुणपणी श्रीरामपूरकडून अंबरनाथला नोकरीसाठी आले आणि शेवटी मुलाच्या नव्या घरी पालेगावात स्थिरावले. त्यांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती तेवत होती आणि शेजारी त्यांचे जुने बायबल ठेवलेले होते. पुठ्ठा झिजलेला, कडांवर पेन्सिलीच्या खुणा, पहिल्या पानावर मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा. फादरांनी त्यांच्या नातीला ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय वाचावयास सांगितले. नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती सुरक्षित आहेत, असा दिलासा देणारा तो उतारा आपल्या अंत्यविधीत नेहमी वाचला जातो. मुलीने आजोबांचेच पुस्तक उघडले. उपदेशक मिळाले, गीतरत्न मिळाले आणि त्यापुढे लगेच यशया सुरू झाला. तिने पुन्हा पाने चाळली. मागच्या बाजूने एक वृद्ध बाई हलकेच म्हणाल्या, “पोरी, ते आपलं बायबल न्हवं.”

फादरांनी आपल्याजवळच्या पुस्तकातून तो उतारा वाचला व प्रार्थना पार पडली. मुलीच्या चेहऱ्यावरचा ओशाळेपणा मात्र आमच्या मनातून जाईना. ज्या पुस्तकावर आजोबांनी चाळीस वर्षे प्रार्थना केली, ते ‘आपले’ नव्हे? मग आपले कोणते? निघताना तिने आम्हांला हाच प्रश्न विचारला. कोणते बायबल विकत घ्यावे, एवढेच तिला हवे होते. पण दुकानाचा पत्ता सांगून हा प्रश्न सुटत नाही. आजोबांच्या पुस्तकातील ती पाने कुठे गेली, हे आधी सांगावे लागते. आणि ते सांगू लागले की मराठी बायबलाचा चारशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो.

श्रोत्यासाठी लिहिलेले पुराण

मराठी भाषेतील बायबलकथेचा आरंभ भाषांतराने झाला नाही. तो ओवीने झाला. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत घालवली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

या ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नवख्रिस्ती झालेला एक श्रोता पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची जुनी पुराणे तर तुम्ही बाजूस ठेवावयास लावली. मग आमच्या भाषेत वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? म्हणजे पहिली मागणी वाचकाकडून आली. रिकाम्या झालेल्या हातांना काहीतरी हवे होते आणि ते आपल्या भाषेत, आपल्या चालीवर म्हणता येईल असे हवे होते. स्टीफन्सनी ती मागणी ओळखली. त्यांचा ग्रंथ एकट्याने मनातल्या मनात वाचण्यासाठी नव्हता. तो मंडळीत मोठ्याने म्हणण्यासाठी होता.

आपल्या उत्तर कोकणातही असेच घडले. फ्रान्सिस्को व्हाज दी गिमारायश यांचे प्रभूच्या दुःखसहनावरील पुराण १६५९ साली प्रसिद्ध झाले. ते वसई, साष्टी, मुंबई या पट्ट्यातील ख्रिस्ती घरांत उपवासकाळात वाचले जाई. ज्या काळी पवित्र मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, त्या काळी भाविकाच्या कानांवर मातृभाषेतून शास्त्र पडत होते ते अशा पुराणांतून.

परंतु हा प्रवाह पुढे आटला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराण हस्तलिखितांच्या रूपाने टिकले, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपले आणि तेथेच १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. देवनागरीत ते १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने आले. मधल्या अडीचशे वर्षांत मराठी कॅथलिक माणसाच्या हाती आपल्या भाषेतले छापील शास्त्र जवळजवळ नव्हतेच म्हणावे लागेल.

पंडित, मोडी आणि छापखाना

ही पोकळी भरून निघाली ती प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या श्रमांनी. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी नागपूरकडील पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीत काम सुरू केले. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली आणि नवा करार १८११ साली मोडी लिपीत छापला गेला. मराठी मुलखापासून शेकडो कोसांवर, एकाच पंडिताच्या बोलीवर विसंबून केलेले ते काम होते. त्याच्या भाषेत अवघडलेपण राहिले, यात नवल नाही. तरीही मराठी गद्य मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना करावी लागते.

मुंबईत अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत उतरले. त्याच वर्षी मुंबईत बायबल सोसायटीची शाखा स्थापन झाली. अमेरिकन मिशनने आपल्या छापखान्यात नवा करार १८२६ साली पूर्ण केला. त्याच वर्षी मार्चमध्ये गॉर्डन हॉल नाशिककडील प्रवासात पटकीने मृत्यू पावले. संपूर्ण मराठी बायबल एका ग्रंथात बांधले गेले ते १८४७ साली. त्यानंतर सुधारणांमागून सुधारणा झाल्या. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी यांच्यासारख्या मराठी लेखकांचा हात त्या कामाला लागला. पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीकाही लिहिली. वाचकाला नुसता मजकूर पुरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

हरवलेली पाने

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. गीतरत्न व यशया यांच्यामध्ये ज्ञानग्रंथ व सिराख हे दोन ग्रंथ असावयास हवेत. त्यांच्या जोडीस तोबीत, यहुदीथ, बारूख व मक्काबींचे दोन ग्रंथ. शिवाय एस्तेर आणि दानीएल या ग्रंथांतील काही भाग. हे सात ग्रंथ ज्यू लोकांच्या ग्रीक भाषांतरातून आद्य ख्रिस्तसभेकडे आले. हिब्रू संहितेत ते नाहीत. ट्रेन्टच्या महासभेने ८ एप्रिल १५४६ रोजी पवित्र ग्रंथांची यादी निश्चित करताना त्यांचा समावेश कायम केला. म्हणून कॅथलिक बायबलात जुन्या कराराचे ४६ व नव्या कराराचे २७ असे एकूण ७३ ग्रंथ असतात. प्रॉटेस्टंट बायबलात ६६.

पुष्कळांचा समज असा की, लूथरने ही पाने फाडून टाकली. तसे घडले नाही. लूथरच्या १५३४ च्या जर्मन बायबलात हे ग्रंथ होते. शास्त्राच्या बरोबरीचे नव्हेत पण वाचावयास चांगले, असे म्हणून त्याने ते दोन करारांच्या मध्ये वेगळे ठेवले. १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलातही ते तसेच होते. ती पाने छपाईतून खरोखर गळाली ती पुष्कळ पुढे. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बायबल सोसायटीत या ग्रंथांवर मोठा वाद झाला आणि या ग्रंथांच्या छपाईस आपला पैसा द्यावयाचा नाही असे सोसायटीने १८२६ साली ठरवले. मुंबईत मराठी नवा करार पुरा झाला तेच हे वर्ष. पुढे मराठी जुना करार घडला तो त्या निर्णयाच्या सावलीत. आजोबांच्या पुस्तकात गीतरत्नापुढे यशया येतो त्याचे कारण असे आहे. कोणी कॅथलिकांना फसवावे म्हणून ते केले नव्हते.

सोसायटीचा दुसरा नियम असा की, बायबल टीपेवाचून, भाष्यावाचून छापावे. सर्व पंथांना एकत्र काम करता यावे, हा त्यामागील हेतू. आपल्या ख्रिस्तसभेची वाट याच्या अगदी उलट होती. १७५७ साली लोकभाषेतील भाषांतरांना मुभा मिळाली ती मान्यता व टीपा असतील तर, अशा अटीवर. एकीकडे टीप नको, दुसरीकडे टीपेवाचून नको. या दोन नियमांच्या मध्ये मराठी कॅथलिक वाचक अडकला. आपल्याकडे १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला, प्रार्थनापुस्तके व गीते निघाली, १९५५ पासून वसईची ‘सुवार्ता’ घरोघरी जाऊ लागली. पण सबंध बायबल हवे असेल तर अनेक घरांनी बाजारात मिळणारे तेच घेतले. श्रीरामपूरकडच्या त्या गृहस्थांनीही तेच केले. त्यांनी वाचावयाचे थांबवले नाही, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

केडगावची वाट

या इतिहासात एक नाव आदराने घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. ठरवले असते तर त्यांनी पंडितांना मान डोलवावयास लावणारे भाषांतर केले असते. त्यांनी तसे केले नाही. प्रचलित भाषांतर खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळत नाही, हे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रोज पाहिले. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मुळावरून साध्या मराठीत सबंध बायबल उतरवले. तेथील छापखान्यात टाइप जुळवण्याचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा काम नुकतेच हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

स्टीफन्स आणि रमाबाई यांच्यामध्ये तीनशे वर्षांचे आणि पंथाचेही अंतर आहे. एकाने ओवी घेतली, दुसरीने बोलभाषा. तरी दोघांनी आरंभ एकाच जागेवरून केला: ऐकणारा कोण आहे? बायबल निवडताना हाच प्रश्न प्रथम विचारावा, असे आम्हांस वाटते.

दार उघडल्यानंतर

विसाव्या शतकाच्या मध्यास दोन्ही बाजूंच्या भिंती खाली येऊ लागल्या. पोप पायस बारावे यांनी १९४३ साली मूळ भाषांतील अभ्यासाला आशीर्वाद दिला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात सर्व भाविकांना शास्त्राकडे सहज जाता आले पाहिजे असे सांगितले आणि विभक्त बंधूंच्या सहकार्याने केलेली भाषांतरेही मान्यतेने वापरता येतील, असे म्हटले. १९६८ साली बायबल सोसायट्या व व्हॅटिकन यांनी संयुक्त कामासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. १९६९ साली मिस्सामधील वाचनांचा नवा क्रम आला, रविवारसाठी तीन वर्षांचा. त्यामुळे ज्ञानग्रंथ, सिराख, विवाहासाठी तोबीत, मृतांसाठी मक्काबी असे ग्रंथ मराठी भाविकाच्या कानी नियमाने पडू लागले; आणि घरच्या पुस्तकात ते सापडेनात.

ज्या मराठी कॅथलिक धर्मगुरूने या गरजेला आयुष्याची अनेक वर्षे दिली ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे सुपुत्र, १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’चे संपादक. त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढले. साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा बायबलाची मराठी ही मराठीच आहे हे सगळ्या महाराष्ट्राने जणू मान्य केले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले. नावाप्रमाणे त्यांच्या ग्रंथाचा कल सुबोधतेकडे आहे. चर्चच्या दुकानाबाहेरच्या मराठी वाचकाच्या हाती बायबल जावे, ही त्यांची तळमळ होती.

टीपांचे बळ आणि जोखीम

अभ्यासाची आवृत्ती घ्यावी की नुसता मजकूर, हा पुढचा प्रश्न. टीप काय करते याचे एक उदाहरण पाहू. यशयाच्या सातव्या अध्यायातील चौदाव्या ओळीत हिब्रू शब्द ‘आल्मा’ आहे, म्हणजे तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द योजला. मत्तयाने पवित्र मरियेच्या संदर्भात हाच ग्रीक शब्द घेतला. १९५२ साली अमेरिकेतील सुधारित इंग्रजी बायबलाने यशयात ‘तरुणी’ छापले तेव्हा मोठे काहूर माजले. त्याच भाषांतराची कॅथलिक आवृत्ती १९६६ साली मान्यतेसह निघाली. टीप नसेल तर भाविक घाबरतो. टीप असेल तर दोन्ही शब्दांमागील इतिहास त्याला कळतो. जेरुसलेम येथील डॉमिनिकन अभ्यासकांचे फ्रेंच बायबल (१९५६) जगभर गाजले ते अशाच टीपांमुळे.

पण टीपांतही धोका असतो. २००८ साली मुंबईत सेंट पॉल सोसायटीने ‘न्यू कम्युनिटी बायबल’ हे इंग्रजी बायबल काढले. त्याच्या टीपांत भारतीय वाचकासाठी उपनिषदे, गीता यांचे दाखले होते. पवित्र कुटुंबाचे चित्र भारतीय गरीब कुटुंबासारखे होते. काहींना ते आपलेसे वाटले, काहींना शास्त्रात भेसळ झाल्यासारखे वाटले. टीका वाढली, विक्री थांबवून पुनर्विचार झाला आणि २०११ साली सुधारित आवृत्ती आली. टीप मजकुराच्या खाली छापली जात असली तरी वाचकाच्या मनात ती मजकुराइतकीच उंच बसते, हे या प्रकरणातून दिसले. म्हणूनच १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ८२५ व्या कलमात भाषांतरास परमपीठाची किंवा बिशपमंडळाची मान्यता आणि पुरेशा टीपा या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. ही मान्यता पुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर छापलेली असते. ती पाहून घ्यावी.

पालेगावच्या घरासाठी

आता आपल्या परिसराचा विचार करू. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर हा पट्टा बाहेरून आलेल्यांचा. उल्हासनगर तर १९४९ साली निर्वासित सिंधी बांधवांसाठीच वसवले गेले. तेथील वृद्धांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत होती. अनेक नातवंडांना ती वाचता येत नाही. ग्रंथ कपाटात राहतो आणि लिपी हातातून निसटते. आपल्या समाजातही हेच चालू आहे. येथे लॅटिन विधीचे भाविक मुंबई महाधर्मप्रांतात आहेत आणि सिरो-मलबार विधीचे १९८८ साली धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या कल्याण महाधर्मप्रांतात. एकाच इमारतीत मराठी, कोंकणी, मल्याळम, तमिळ बोलणारी कॅथलिक घरे आहेत आणि त्यांची मुले इंग्रजी शाळांत जातात. २०२० पासून इंग्रजी मिस्सासाठी ‘इंग्लिश स्टँडर्ड व्हर्शन’च्या कॅथलिक आवृत्तीतील वाचने भारतात वापरात आली. तेव्हा मुलगी चर्चमध्ये एका शब्दांत ऐकते, आजी दुसऱ्या शब्दांत पाठ म्हणते आणि दोघींचे स्तोत्र एकच आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यातच जुन्या कॅथलिक पुस्तकांत स्तोत्रांचे क्रमांक लॅटिन परंपरेचे असतात. प्रभू माझा मेंढपाळ हे स्तोत्र एकीकडे तेविसावे, दुसरीकडे बाविसावे. बिचारा वाचक चुकीचे पान उघडून बसतो.

म्हणून आम्ही त्या मुलीला सांगितले ते असे. पुस्तक विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडावी व गीतरत्नापुढे काय आहे ते पाहावे. मग मान्यतेचे पान पाहावे. मग एक स्तोत्र आणि पौलाच्या पत्रातील एक उतारा घरातल्या सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसासमोर मोठ्याने वाचून पाहावा. वाचताना जीभ अडखळली, ऐकणाऱ्याने ‘म्हणजे काय?’ असे दर ओळीला विचारले, तर ते पुस्तक कितीही अचूक असो, कौटुंबिक प्रार्थनेसाठी ते नव्हे. अभ्यासासाठी टीपांचे दुसरे पुस्तक असावे, मग ते इंग्रजी का असेना; पण घरात मोठ्याने वाचावयाचे पुस्तक घराच्या भाषेतलेच असावे. दोन पुस्तके परवडत नसतील तर वाचावयाचे आधी घ्यावे, अभ्यासाचे धर्मग्रामाच्या ग्रंथालयातून आणावे.

आणि आजोबांचे पुस्तक? ते आपलेच आहे. त्यात सात ग्रंथ नाहीत, ही उणीव खरी आहे. ती सांगावी, लपवू नये. पण जे सहासष्ट आहेत ते आपल्याही शास्त्राचे आहेत. नारायण वामन टिळकांना राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका परक्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत दिली. ती कोणत्या पंथाने छापली हे टिळकांनी विचारले नाही. ते डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या मिशनऱ्यांनी पटकीने प्राण दिले, ज्या बायकांनी केडगावात खिळे जुळवले, त्यांचे श्रम आजोबांच्या उशाशी चाळीस वर्षे होते. त्या पुस्तकाला परके म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

महिनामिशीच्या प्रार्थनेला आम्ही पुन्हा पालेगावात गेलो. घरात नवे, पूर्ण बायबल आले होते. परंतु मुलीने वाचावयास घेतले ते जुनेच. तिने ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातील पहिल्या नऊ ओळी सुवाच्य मराठी अक्षरात एका कागदावर उतरवून घेतल्या होत्या. तो कागद तिने आजोबांच्या पुस्तकात गीतरत्न आणि यशया यांच्यामध्ये ठेवला होता. तेथून तिने तो काढला आणि सावकाश वाचला. मागे बसलेल्या त्या वृद्ध बाईंनी या वेळी काही म्हटले नाही; वाचन संपल्यावर त्यांनी फक्त तो कागद पाहावयास मागितला.